२२ जुलै आणि २४ जुलै

जुलै २०२५पासून माझ्याकडे दोन तऱ्हेची माणसं प्रश्न घेऊन येतात. एक म्हणजे आमच्या सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतले छोटे टॉवेल कारखानदार. "अक्का, इंग्लंडची ड्युटी झिरो झाली म्हणतात, खरं का ओ?" दुसऱ्या आमच्या पूर्व भागातल्या आया. कुणी विडी वळते, कुणी टॉवेलच्या कडा शिवते, पण पोरीला नर्सिंगला घातलंय. "पोरीला इंग्लंडला पाठवू का? एजंट लई पैसे मागायलाय."

दोघांना मी वेगवेगळी उत्तरं देत होते. मग एकदा दोन्ही तारखा शेजारी शेजारी लिहिल्या आणि तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. २२ जुलै २०२५ रोजी ब्रिटनने परदेशातून नवे केअर वर्कर, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांची सेवा करणारे कामगार, आणायचा व्हिसा बंद केला. २४ जुलै २०२५ रोजी त्याच ब्रिटनने भारताशी व्यापार करार केला. चेकर्सला, म्हणजे ब्रिटिश पंतप्रधानांच्या गावाकडच्या सरकारी बंगल्यात, पंतप्रधान मोदी आणि स्टार्मर यांच्यासमोर दोन्हीकडचे तेव्हाचे व्यापारमंत्री पीयूष गोयल आणि जोनाथन रेनॉल्ड्स यांनी सह्या केल्या. त्यानुसार आपल्या ९९ टक्के प्रकारच्या मालावर तिकडे जकात राहणार नाही, टॉवेल त्यात आले. मध्ये फक्त एक दिवस. टॉवेलला वाट मोकळी झाली आणि त्याची कड शिवणाऱ्या बाईच्या पोरीसाठी एक दार लागलं. निर्णय दोन वेगळ्या खात्यांचे, एकाने दुसऱ्याकडे बघून घेतलेले नाहीत, हे मला समजतं. पण दोन्हींचं मूळ शोधत गेलं की आपण २०१६ सालात पोचतो.

मी एका टॉवेल कारखान्यात एक्स्पोर्टचे कागद बघते. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, बिल ऑफ लॅडिंग, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन. भिंतीपलीकडे माग चालू असतात, अलीकडे मी आकडे जुळवत असते. पेट्या न्हावा शेवाकडे निघायच्या आधी त्यांच्यावर जेवढे हात फिरतात त्यातला शेवटचा माझा. युरोपीय संघातून ब्रिटन बाहेर पडला, म्हणजे ज्याला सगळे ब्रेक्झिट म्हणतात, ते माझ्यापर्यंत या कागदांवरून आलं.

पहिला दणका पौंडाचा. २३ जून २०१६ला तिकडे मतदान झालं, निकाल लागला तेव्हा आपल्याकडे शुक्रवारची सकाळ होती. ५१.९ टक्के बाहेर पडा, ४८.१ टक्के राहा. डॉलरच्या तुलनेत पौंड १९८५ नंतरच्या सगळ्यात खालच्या पातळीला गेला. आपल्याकडे शंभर रुपयांच्या आसपास असलेला पौंड एका दिवसात सहा-सात रुपयांनी उतरला आणि ऑक्टोबरपर्यंत ८०-८२च्या घरात आला. तेव्हा इंग्लंडची बिलं आम्ही पौंडात लावायचो, आणि पैसे यायचे माल पोचल्यावर दोन-तीन महिन्यांनी. भाव ठरलेला, माल समुद्रात, सुताचे आणि डाईंगचे पैसे आधीच चुकते केलेले. टॉवेलच्या धंद्यात एवढी घसरण पोटात घालण्याइतकं मार्जिन कुणाचंच नसतं. मोठे कारखाने बँकेकडे पौंडाचा भाव आधी बांधून घेतात, छोट्यांना ते जमत नाही. ज्या मतदानात आमच्या कुणाचं मत नव्हतं, त्याची किंमत एका सकाळीत सोलापुरात वसूल झाली. त्यानंतर आमच्याकडे बिल डॉलरमध्येच लावायचा आग्रह सुरू झाला, तो अजून आहे.

मग तिथल्या लोकांनी असं का केलं, हे समजून घ्यावं म्हणून मी बरंच वाचलं. आठवड्याला ३५ कोटी पौंड युरोपला जातात, ते आरोग्यसेवेला देऊ, असं लिहिलेली लाल बस प्रचारात गावोगाव फिरली. तो आकडा ब्रिटनला परत मिळणारी सूट आणि अनुदानं वजा न करता लिहिलेला होता. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती माणसांची गोष्ट. २००४ साली पोलंड, लिथुआनियासारखे पूर्वेकडचे देश युरोपीय संघात आले. जुन्या सदस्यांपैकी ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन या तिघांनीच त्यांच्या माणसांना पहिल्या दिवसापासून कामाची पूर्ण मोकळीक दिली. ब्रिटनच्या सरकारी अंदाजापेक्षा कितीतरी पटींनी जास्त माणसं आली. लिंकनशायरमध्ये बॉस्टन नावाचं गाव आहे, भोवती सगळी भाजीपाल्याची शेतं. तिथे ७५.६ टक्के मतं बाहेर पडण्याच्या बाजूने पडली, सबंध देशात सगळ्यात जास्त. छोटं गाव, थोड्या वर्षांत हजारो नवी माणसं, घरभाडी वाढलेली, दवाखान्यात रांगा. त्या लोकांना मी वाईट म्हणणार नाही. सरकारने माणसं येऊ दिली आणि दवाखाने, शाळा वाढवल्या नाहीत, तर राग समोर दिसणाऱ्या माणसावर निघतो.

पण मी सोलापूरची आहे, म्हणून मला यातली दुसरी बाजूही दिसते. माझे आजोबा तेलंगणातून इथे आले. साळी, जात पद्मशाली, हातात मागाचं काम. त्यांच्यासारखे हजारो आले, म्हणून हे शहर कापडाचं शहर झालं. आमच्या घरात आजही तेलुगू, दुकानात मराठी, बाजारात कन्नड. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, त्यात सोलापूर हे नाव जितकं खरं तितकंच ती विणणारे हात बाहेरून आले हेही खरं. आणि सीमा म्हणजे काय असतं हे इथल्या जुन्या माणसांना सांगावं लागत नाही. सोलापूर इंग्रजांच्या मुलखात, तुळजापूर-नळदुर्ग निजामाच्या. मध्ये करोडगिरीचं, म्हणजे जकातीचं, नाकं. आजी सांगायची, देवीला जाताना जवळचं नवं लुगडंसुद्धा कुणी उलगडून बघेल याची धास्ती असायची. आज आपण तासाभरात तुळजापूरला जातो, रस्त्यात कुणी विचारत नाही. व्यापारी संघ म्हणजे हेच, मधली नाकी काढून टाकणं. ब्रिटनने ४७ वर्षांनी ती नाकी पुन्हा उभी केली.

३१ जानेवारी २०२०ला ब्रिटन बाहेर पडला, पण कागदांवर फरक पडला तो ३१ डिसेंबर २०२०च्या रात्रीनंतर, कारण तोवर संक्रमणाचा काळ होता. त्याच्या आठवडाभर आधी, २४ डिसेंबरला, त्यांचा युरोपशी करार ठरला. बातम्यांत आलं, जकात नाही, कोटा नाही. आमचे शेठ म्हणाले, "झालं की मग, काही बदलणार नाही." पण त्या करारात जकातमाफी आहे ती ब्रिटनमध्ये किंवा युरोपात बनलेल्या मालाला. आपला टॉवेल बनतो सोलापुरात.

हे नीट सांगते, कारण बातम्यांत हे कधी येत नाही. इंग्लंडमधल्या एका घाऊक व्यापाऱ्याला आम्ही माल देत होतो. कंटेनर फेलिक्सस्टो बंदरात उतरायचा, मिडलंड्समधल्या त्यांच्या गोदामात जायचा, आणि तिथून काही पेट्या डब्लिनला, काही नेदरलँड्सला. संघात असताना जकात एकदाच भरायची, फेलिक्सस्टोला, पुढे युरोपभर माल कुठेही न्या. १ जानेवारी २०२१पासून तोच टॉवेल इंग्लंडमध्ये जकात भरून आत आला आणि पुन्हा डब्लिनला निघाला, की आयर्लंडच्या दारात तो भारतीय माल ठरून दुसऱ्यांदा जकात. ती चुकवायचे कायदेशीर मार्ग आहेत, माल कस्टम्सच्या गोदामात ठेवायचा वगैरे, पण त्याला वेगळे परवाने, वेगळा खर्च, आणि दोन्हीकडे वेगवेगळे नोंदणी क्रमांक. त्या व्यापाऱ्याने सरळ सांगितलं, युरोपचा माल आम्हाला नको, तुम्ही थेट पाठवा.

थेट पाठवा म्हणजे एका कंटेनरचे दोन भाग. इंग्लंडचा भाग कंटेनर भरण्याइतका उरला नाही, आणि युरोपचा भाग दुसऱ्यांच्या मालाबरोबर रॉटरडॅमला पाठवायचा, ज्याचा दर पेटीमागे जास्त. दोन शिपिंग बिलं, दोन बिल ऑफ लॅडिंग, मुंबईतल्या क्लिअरिंग एजंटची फी दोनदा. डाईंगवाला एका रंगाचा ठरावीक वजनाखालचा लॉट घेत नाही, तेव्हा छोट्या ऑर्डरला रंगही महाग. त्याच काळात कोविडमुळे कंटेनर मिळत नव्हते, भाडी आभाळाला टेकली होती, त्यामुळे नुकसानीतलं ब्रेक्झिटचं किती आणि कोविडचं किती हे वेगळं काढणं अवघड. पण कंटेनर भाडं पुढे उतरलं. दुहेरी कागद आजही आहेत.

डाळिंबवाल्यांचंही असंच काही. माझ्या दिरांची सांगोल्याकडे बाग आहे. फवारणीच्या अंशाची मर्यादा पूर्वी ब्रिटन आणि युरोप दोघांची एकच होती. आता ब्रिटन आपली मर्यादा स्वतः ठरवतं. म्हणजे कुठलं औषध कधी मारायचं हे ठरवतानाच फळ कुठल्या बंदरात उतरणार हे माहीत असायला हवं. एकदा फळ झाडावर लागलं की त्याला कोण सांगणार तू रॉटरडॅमचं का लंडनचं.

ब्रिटनचं स्वतःचं काय झालं? मतदानाआधी त्यांच्या अर्थखात्याने सांगितलं होतं, बाहेर पडायचं ठरलं की लगेच मंदी येईल, पाच लाख लोक बेकार होतील. तसं झालं नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. त्यामुळे पुष्कळांना वाटलं की सगळी भीती खोटीच होती. पण यंत्रमागावर ताण्याचा एक धागा तुटला तर माग लगेच थांबत नाही, कापड निघत राहतं आणि त्यात शेवटपर्यंत रेघ पडत जाते. तसं ते झालं. त्यांच्याच सरकारी अर्थसंकल्प कार्यालयाचा, ओबीआरचा, अंदाज आहे की संघात राहिले असते त्या तुलनेत दीर्घकाळात देशाची उत्पादकता ४ टक्क्यांनी कमी आणि आयात-निर्यात १५ टक्क्यांनी कमी राहील. चार टक्के ऐकायला थोडे वाटतात. पण ते दर वर्षी, कायमचे, आणि त्यातूनच दवाखाने चालवायचे असतात.

आता माणसांचं. १ जानेवारी २०२१ला युरोपातल्या माणसांची मोकळी ये-जा थांबली आणि गुणांवर आधारित पद्धत आली. पोलंडचा असो की सोलापूरचा, नियम एक. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये ट्रकचालक कमी पडून पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, सरकारने घाईघाईने ट्रकचालकांसाठी ५,००० तात्पुरते व्हिसा काढले. वृद्धाश्रमांत आणि घरोघरी म्हाताऱ्यांची सेवा करायला माणसं मिळेनात. तेव्हा फेब्रुवारी २०२२मध्ये केअर वर्करचा व्हिसा बाहेरच्या देशांसाठी खुला केला. नर्सेससाठीचा आरोग्य व्हिसा ऑगस्ट २०२०पासून होताच. दार उघडलं ते आपल्याकडच्या माणसांसाठी, आफ्रिकेतल्या माणसांसाठी. जून २०२३ला संपलेल्या वर्षात ब्रिटनमध्ये येणारे वजा जाणारे हा आकडा ९ लाखांच्या वर गेला. युरोपातले येण्यापेक्षा जास्त जात होते, बाहेरच्या देशांतून येणाऱ्यांत भारतीय सगळ्यात पुढे. ज्यांनी २०१६ला माणसं कमी यावीत म्हणून मत दिलं होतं त्यांना इतिहासातला सगळ्यात मोठा आकडा बघायला मिळाला. आणि त्याचा राग मग निघाला तो या नव्याने आलेल्यांवर, ज्यांना बोलावून आणलं होतं.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी त्या वाटेने गेली. मला पेद्दम्मा म्हणते, तेलुगूत मोठी मावशी. इथेच बीएस्सी नर्सिंग केलं, इथल्या एका दवाखान्यात रात्रपाळ्या केल्या, इंग्रजीची ओईटी परीक्षा, मग तिथल्या नर्सिंग कौन्सिलची लेखी परीक्षा, आणि २०२२मध्ये मिडलंड्समधल्या एका सरकारी रुग्णालयात रुजू झाली. तिथे जाऊन प्रात्यक्षिक परीक्षा पास झाली. तिच्या वॉर्डात केरळच्या, फिलिपिन्सच्या, नायजेरियाच्या मुली आहेत. फोनवर म्हणते, "पेद्दम्मा, इथले म्हातारे पेशंट आपल्यासारखेच गं, रात्री घाबरतात, हात धरून बसायला लागतं." नवरा आणि छोटा मुलगा तिच्याबरोबर आहेत. ती गेली तेव्हाचा नियम असा, पाच वर्षं झाली की कायम राहायचा अर्ज करता येतो, म्हणजे २०२७. त्या हिशेबावर त्यांनी मुलाची शाळा, इथल्या फ्लॅटचं कर्ज, सगळं बसवलं. मे २०२५च्या श्वेतपत्रिकेत तिथल्या सरकारने हीच मुदत पाचाची दहा वर्षं करायचं मांडलं. गेलेल्या माणसाचा नियम मध्येच बदलावा हे मला पटत नाही, पटणार नाही. तिने आपला वाटा पुरा केलाय. रोज करते आहे.

तिचं तरी बरं म्हणायचं. आमच्या गल्लीतल्या एका घरची सून २०२३ला केअर वर्करच्या व्हिसावर गेली. एजंटने 'स्पॉन्सरशिप'चे म्हणून पैसे घेतले, दागिने गहाण पडले. सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप, म्हणजे मालक या माणसाला कामाला घेतोय असा व्हिसासाठीचा दाखला, ही विकायची वस्तू नाही, कामगाराकडून तिची किंमत घ्यायला परवानगीच नाही, पण ते या घराला कोण सांगणार? तिथे पोचल्यावर कामाचे तास कबूल केल्याच्या निम्मेसुद्धा मिळेनात. मग एक दिवस त्या कंपनीचा परदेशी माणसं आणायचा परवानाच सरकारने काढून घेतला. कंपनीने फसवलं म्हणून शिक्षा कंपनीला, पण ६० दिवसांत दुसरा मालक शोधा नाहीतर देश सोडा ही नोटीस तिच्या हातात. अशी ती एकटी नव्हती. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात या क्षेत्रातले ४७०हून जास्त परवाने रद्द झाले आणि त्यांच्याशी ३९,००० कामगार जोडलेले होते, हे त्यांच्याच गृहखात्याचे आकडे. आमच्या शेजारच्या सुनेला शेवटी दूरच्या एका गावात काम मिळालं. दागिने अजून सुटलेले नाहीत.

आणि दार तर टप्प्याटप्प्याने लागतच होतं. ११ मार्च २०२४पासून नव्या केअर वर्करला नवरा-मुलं नेता येईनाशी झाली. त्याआधी जानेवारीत मास्टर्सच्या बहुतेक विद्यार्थ्यांचं कुटुंब बंद झालं. एप्रिल २०२४मध्ये कुशल कामगार व्हिसासाठीची सर्वसाधारण पगाराची अट २६,२०० पौंडांवरून ३८,७०० झाली, जुलै २०२५मध्ये ४१,७००. शिक्षणानंतर दोन वर्षं काम करायची मुभा आहे, ती १ जानेवारी २०२७पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिनेच. आमच्याकडचे मुलगे पुण्याच्या कन्सल्टन्सीत जाऊन येतात, तिथल्या माहितीपत्रकावर अजून दोन वर्षंच छापलेली असतात. आईबापांनी तारखा वाचाव्यात, जाहिरात वाचू नये.

भारताने वाटाघाटीत माणसांचा विषय काढला नाही असं नाही. नोव्हेंबर २०१६मध्ये टेरेसा मे दिल्लीला आल्या तेव्हापासून आपली बाजू व्हिसा मागते आहे. ८ आणि ९ ऑक्टोबर २०२५ला स्टार्मर मुंबईत होते, तेव्हाही त्यांनी सांगितलं की व्हिसा वाढवणं या व्यवहाराचा भाग नाही. कराराबरोबर जे ठरलं ते असं. भारतीय कंपनीने तात्पुरतं तिकडे पाठवलेल्या माणसाला काही वर्षं तिथला सामाजिक सुरक्षेचा हप्ता माफ. योगशिक्षक, आचारी, शास्त्रीय संगीतकार अशा लोकांना वर्षाला १,८०० पर्यंत जागा. पुण्या-बंगळुरूच्या आयटी कंपन्यांना याचा फायदा आहे, आणि व्हावा. आमच्या विडी घरकुल वसाहतीतल्या नर्सच्या हाती त्यातलं काही लागत नाही.

म्हणून कारखानदार भेटले की मी त्यांना आनंदाने सांगते आणि सावधही करते. करार चांगलाच आहे. अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५पासून आपल्या मालावर ५० टक्के जकात लावली, तेव्हा तिकडच्या ऑर्डरी अडकल्या, काही कारखान्यांत मागांची एक पाळी बंद पडली. अशा वेळी इंग्लंडचं दार म्हणजे मोठा आधार. पण सह्या झाल्या म्हणजे करार लगेच लागू होत नाही, मध्ये त्यांच्या संसदेची प्रक्रिया असते. आणि १२ टक्क्यांपर्यंतची ती जकात भरत कोण होतं? तिथला आयातदार. वाचणार ते त्याचे पैसे. आपल्या वाट्याला काय येणार ते भावावर बसून ठरवावं लागेल, आणि तो पहिल्याच फोनवर म्हणेल की पाकिस्तान आणि बांगलादेशचा टॉवेल मला आजही शून्यात मिळतो, तुर्कस्तानचाही. खरंच मिळतो. आपण इतकी वर्षं वजन बांधून पळत होतो, आता त्यांच्या बरोबरीने उभे राहू, एवढाच याचा अर्थ. शून्य मिळवायलाही माल इथलाच आहे हे सिद्ध करावं लागतं. सूत कुठून घेतलं, रंगाई कुठे झाली, सगळी बिलं लावून ठेवा. तपासणी वर्ष-दोन वर्षांनी येते तेव्हा कुणाला काही आठवत नसतं.

आणि जे वाचेल त्यातलं थोडं मागावरच्या माणसापर्यंत जावं, हे मी आमच्या शेठनाही तोंडावर सांगितलंय. मजुरी पीसवर ठरते. ऑर्डर वाढली तर पीस वाढतील, पण पीसचा दर कुणी आपणहून वाढवत नाही.

आयांना काय सांगायचं याचा मी जास्त विचार केलाय. जाऊ नको असं मी कुणाला म्हणणार नाही. आमचं घराणंच माणूस कामामागे गेला म्हणून उभं राहिलं. पण जायचं ते राज्याच्या हाताला धरून जावं. केरळ सरकारची नोर्का रूट्स नावाची संस्था आहे, तिने मार्च २०२४मध्ये वेल्सच्या सरकारशी आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी थेट करार केला. मध्ये एजंट नाही. महाराष्ट्राने २०२४मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, म्हणजे आपल्यालाही हे करता येतं. तसा करार ब्रिटनमधल्या रुग्णालयांशी व्हावा, त्याची मुलाखत सोलापुरात व्हावी, आणि व्हिसा एकाच मालकाला बांधलेला नसावा. मालक बुडाला, पकडला गेला, तर पोरीला पुढचं काम शोधायला पुरता वेळ मिळावा. आपले लोकप्रतिनिधी टॉवेलच्या जकातीबद्दल निवेदन देतात. ते द्यावंच. त्याच कागदावर हे दुसरं वाक्यही लिहावं, एवढं मी त्यांच्या कार्यालयात जाऊन सांगून आलेय.

तोवर मी एवढंच करू शकते. परवाना असलेल्या मालकांची यादी ब्रिटिश सरकारच्या वेबसाइटवर फुकट बघायला मिळते, पैसे द्यायच्या आधी त्यात नाव आहे का बघायचं. नर्सची नोकरी आहे की केअरची, हे ऑफर लेटरमध्ये पदाच्या नावावरून कळतं, एजंटच्या बोलण्यावरून नाही. नवीन केअरचा व्हिसा आता नाहीच, तेव्हा कुणी तो देतो म्हणाला तर तिथेच उठायचं. आणि स्पॉन्सरशिपचे पैसे मागितले तरी उठायचं. ज्यांना इंग्रजी कागद वाचायला अवघड जातं त्यांनी सह्या करायच्या आधी माझ्याकडे या. कारखाना सुटल्यावर मी घरीच असते, सगळी पानं घेऊन या, मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचून देईन.